लाईन म्हणजे नेमकी कोणती?



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी प्रत्येकाला एक विषय शोधायला सांगितला होता. कोणी गाईवर लिहिले, कोणी पावसावर लिहिले. मी एका शब्दावर लिहिणार आहे. तो शब्द इंग्रजीतला आहे, पण आपल्या गावात त्याला ओळखत नाही असा एकही माणूस नाही. शाळेत न गेलेली माझी आजीसुद्धा तो दिवसातून दहा वेळा बोलते. तो शब्द म्हणजे लाईन.

तुम्ही म्हणाल, यात लिहिण्यासारखे काय आहे? आधी मलाही तसेच वाटायचे. पण या एका शब्दामुळे आमच्या घरी काय झाले असते ते वाचा, म्हणजे कळेल.

१. हे मला कसे सुचले

रब्बीचे दिवस होते. हरभऱ्याला पाणी द्यायचे होते. आमच्या शिवारात शेतीच्या विजेच्या पाळ्या असतात. काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बाबा बॅटरी आणि काठी घेऊन शेतात जातात. ते परत येईपर्यंत माय झोपत नाही. त्या आठवड्यात दिवसाची पाळी होती, म्हणून रविवारी मी पण शेतात गेले.

आमची विहीर खाली ओढ्याजवळ आहे आणि आखाडा वर आहे. आखाड्याजवळ पत्र्याची पेटी आहे, तिच्यात मोटारीचा स्टार्टर आहे. हिरवे बटण दाबले की मोटार चालू होते, लाल दाबले की बंद होते. पेटीतून निघालेली वायर बांधाबांधाने खाली विहिरीपर्यंत जाते. विहिरीतून पाईप वर आखाड्यापर्यंत येतो. तिथे पाणी अडवायचा वॉल आहे. वॉलमधून पाणी हरभऱ्याच्या पाटात पडते.

बाबा बांधाच्या मध्यावर दारे धरत होते. मी आखाड्याजवळ बोरे खात होते. बाबांना दिसले की वायरच्या सांध्यावरची टेप निघाली आहे आणि उघडी तार ओल्या मातीला लागायला आली आहे. त्यांनी तिथूनच हाक दिली,

"लाईन बंद कर गं!"

त्या दिवशी सकाळी बाबा मायला म्हणाले होते, "लाईन फुटली होती, आता जोडली." ती पाईपलाईन होती. माझ्या डोक्यात तीच लाईन होती. मी पळत गेले आणि वॉल गच्च फिरवून बंद केला.

पाटातले पाणी थांबले. बाबांना वाटले, पाणी थांबले म्हणजे मोटार बंद झाली. मोटार विहिरीच्या तळाशी पाण्यात आहे, तिचा आवाज बांधापर्यंत येत नाही. बाबा वायर हातात धरायला वाकले.

पण बाबांना एक सवय आहे. तारेला हात लावायच्या आधी ते खिशातला टेस्टर लावून पाहतात. त्यांनी टेस्टर लावला आणि टेस्टरमधला दिवा लागला. तारेत वीज होती!

तेवढ्यात इकडे वॉलजवळचा पाईपाचा सांधा दाबाने निसटला आणि पाण्याचे कारंजे उडाले. माय धावत आली. "काय करलालीस गं?" असे ओरडत तिने पेटीतले लाल बटण दाबले.

मला वाटले आता बाबा मारणार. पण बाबा बांधावर मटकन बसले. त्यांचे हात थरथरत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुझी चूक नाही. मीच अर्धा शब्द बोललो."

हा अर्धा शब्द माझ्या मनातून जाईना. रात्री मला झोपही लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सगळे सांगितले. गुरुजी म्हणाले, "आठ दिवस कान उघडे ठेव. लाईन हा शब्द ऐकलास की कोण, कुठे, कशासाठी बोलले ते वहीत लिही."

२. माझ्या वहीतल्या चौदा लाईनी

आठ दिवसांत माझ्या वहीत चौदा प्रकारच्या लाईनी जमल्या. त्या अशा :

(१) विजेची लाईन. "लाईन गेली", "लाईन आली", "लाईन कमी आहे." खांबावर चढणाऱ्याला लाईनमन म्हणतात, कोणी वायरमन म्हणतात.

(२) पाण्याची लाईन. म्हणजे पाईपलाईन. शेतातली आणि नळाचीही.

(३) माणसांची लाईन. म्हणजे रांग. प्रार्थनेला आपण लाईनीत उभे राहतो. रेशनच्या दुकानातही लाईन असते.

(४) रेल्वेची लाईन. म्हणजे लोखंडी रूळ.

(५) फोनची लाईन. "लाईन लागत नाही", "लाईनवर थांबा." मोबाईलला तार नसते, तरी माणसे लाईनच म्हणतात.

(६) ऑनलाईन. सातबारा ऑनलाईन, फॉर्म ऑनलाईन. आजी याला आनलाईन म्हणते.

(७) हेल्पलाईन. म्हणजे मदतीसाठी फोन करायचा नंबर. मुलांवर संकट आले तर १०९८ हा नंबर आहे. तो सर्वांनी पाठ करावा. त्याला पैसे पडत नाहीत.

(८) वहीची लाईन. म्हणजे ओळ किंवा रेघ. "दोन लाईनी सोडून लिही," असे गुरुजी म्हणतात.

(९) मैदानाची लाईन. कबड्डीत मधली लाईन असते, निदान रेषा असते आणि तिच्या पलीकडे १ मीटरवर बोनस लाईन असते. बाहेरच्या लाईनीच्या पलीकडे पाय गेला की गडी बाद.

(१०) कामधंद्याची लाईन. "माझा भाऊ ड्रायव्हर लाईनीत आहे," "दहावीनंतर कोणती लाईन घेणार?"

(११) राहायची लाईन. तालुक्याला पोलीस लाईन आहे. तिथे पोलिसांची घरे आहेत. नागपूरला सिव्हिल लाईन्स नावाचा भाग आहे. इंग्रजांच्या काळात छावणीत शिपायांच्या झोपड्या आणि तंबू ओळीने असत, त्यांना लाईन्स म्हणत. साहेब लोकांच्या वस्तीला मग सिव्हिल लाईन्स म्हणू लागले.

(१२) गवंड्याची लाईन. भिंत सरळ यावी म्हणून गवंडी दोन टोकांना दोरी ताणून बांधतो. तिला लाईनदोरी म्हणतात.

(१३) कपड्याची लाईन. रेघारेघांच्या शर्टाला आमच्याकडे लायनिंगचा शर्ट म्हणतात. शिंपी मात्र आतल्या अस्तराला लायनिंग म्हणतो.

(१४) वागण्याची लाईन. "पोरगं आता लाईनीला लागलं," असे आजी माझ्या चुलत्याबद्दल म्हणते. म्हणजे तो नीट काम करू लागला.

बघा! विजेचा, पाण्याचा, माणसांचा, रेल्वेचा आणि चुलत्याचा शब्द एकच. मराठीत आपण यासाठी रांग, ओळ, रेघ, रेषा, तार, रूळ, मार्ग असे वेगवेगळे शब्द बोलतो. इंग्रजीत एकट्या लाईनीवर हे सगळे काम भागते. गुरुजींनी कपाटातला मोठा इंग्रजी शब्दकोश काढून दाखवला. त्यात आणखी लाईनी होत्या. नाटकातल्या माणसाचे पाठ केलेले बोलणे म्हणजे लाईन. मासे धरायच्या गळाची दोरी म्हणजे लाईन. कपाळावरची आठी म्हणजे लाईन. आजा, बाप, नातू अशी वंशाची परंपरा म्हणजे लाईन. जहाजावरचे खलाशी तर विषुववृत्तालाच नुसते लाईन म्हणत.

आजीने मला एक गोष्ट सांगितली, तिच्यात तर तीन लाईनी एकदम येतात. २०१६ साली आपल्या लातूर भागात मोठा दुष्काळ होता. तेव्हा मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले. मिरजेला पाईपलाईनने वाघिणी भरल्या. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला आली. तिच्या दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. ते पाणी तीनशे किलोमीटरहून जास्त रेल्वे लाईनीने आले. आणि आजी सांगते, त्या उन्हाळ्यात जिकडे पाहावे तिकडे टँकरपुढे माणसांच्या लाईनी आणि घागरींच्या लाईनी.

आपल्या भागातली ही जुनी रेल्वे लाईन म्हणजे बार्शी लाईट. ती १८९७ साली बार्शीकडे सुरू झाली आणि पुढे लातूरपर्यंत आली. तिच्या दोन रुळांत फक्त ७६२ मिलीमीटर अंतर होते. आता आपल्याकडची लाईन रुंद झाली आहे आणि रुळांतले अंतर १६७६ मिलीमीटर आहे. मला आधी वाटले, बार्शी लाईट म्हणजे दिव्याची गाडी. पण इथे लाईट म्हणजे हलकी. म्हणजे घोळ करणारा शब्द फक्त लाईन नाही. पण लाईट मी पुढच्या महिन्यासाठी ठेवते.

३. लाईन उगवली कुठे?

मी गुरुजींना विचारले, "एवढ्या सगळ्या गोष्टींना एकच शब्द कसा झाला?" तेव्हा गुरुजींनी मलाच उलट विचारले, "तुमच्या रानात जवस आहे का?"

मला हसू आले. लाईनीचा आणि जवसाचा काय संबंध? आमच्या धुऱ्यावर दरवर्षी जवस असतो. निळी निळी फुले येतात, मग बोंडे येतात. बी भाजून माय चटणी करते. ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी मला फार आवडते. जवसालाच कोणी अळशी म्हणतात.

मग गुरुजींनी सांगितले ते ऐकून मी चकितच झाले. फार पूर्वी युरोपात रोमन लोक होते. त्यांची भाषा लॅटिन. लॅटिनमध्ये जवसाला लिनम म्हणत. आपण जवस बियांसाठी लावतो. त्यांच्याकडे जवसाच्या देठापासून धागा काढत. देठ पाण्यात कुजवायचे, वाळवायचे, कुटायचे, की आतला वाख निघतो. आपल्याकडे अंबाडीचा वाख काढतात, तसेच. त्या वाखाचे सूत काढून कापड विणत. त्या कापडाला आजही लिनन म्हणतात. इजिप्त देशात हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या राजांना गुंडाळून ठेवत, ते कापडही जवसाचेच.

लिनम पासून लिनेआ शब्द झाला. लिनेआ म्हणजे जवसाचा दोरा. दोरा ताणला की सरळ होतो. सरळ रेघ मारायला, भिंत बांधायला, जमीन मोजायला तो ताणलेला दोराच कामाला येई. म्हणून दोऱ्याचे नाव रेघेला मिळाले. हाच शब्द इंग्रजीत जाऊन लाईन झाला.

आता माझ्या वहीतल्या लाईनी परत वाचा. सगळीकडे दोरा दिसतो! विजेची तार दोऱ्यासारखी. पाईप जमिनीतल्या दोऱ्यासारखा. रूळ दोऱ्यासारखे लांब. माणसांची रांग दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी. गवंड्याची लाईनदोरी तर खरीखुरी दोरीच. शिंप्याच्या लायनिंगचे तर आणखी मजेशीर आहे. पूर्वी कपड्याला आतून जवसाच्या कापडाचे अस्तर लावत, म्हणून अस्तराला ते नाव पडले. म्हणजे रेघेचा लायनिंग आणि अस्तराचा लायनिंग हे दोघे एकाच जवसाची लेकरे आहेत.

जवसाच्या झाडाचे शास्त्रीय नावसुद्धा लिनम युसिटाटिसिमम असे आहे. हे नाव पाठ करायला मला दोन दिवस लागले. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ अतिशय उपयोगी असा आहे. आणि ते खरे आहे. बियांची चटणी होते, तेल निघते, देठाचे कापड होते. क्रिकेटच्या लाकडी बॅटलाही अळशीचे तेल लावतात.

घरी जाऊन मी हे आजीला सांगितले. आजी चटणी कुटत होती. ती म्हणाली, "म्हणजे लाईन आपल्या धुऱ्यावर उगवली म्हण की!"

४. मराठीतही एक दोरा आहे

कोणी म्हणेल, इंग्रजीत शब्द कमी असतील म्हणून एकच शब्द सगळीकडे चालवतात. पण तसे नाही. आपल्या मराठीतही असेच झाले आहे. सूत हा शब्द घ्या. सूत म्हणजे कापसाचा धागा. पण भिंत सरळ असली तर गवंडी म्हणतो, "भिंत एका सुतात आहे." लाकूड मोजताना इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. सुतार या शब्दातही सूत आहे, कारण तो सूत धरून लाकूड सरळ कापतो. गणितात आपण सूत्र पाठ करतो, त्या सूत्राचा मूळ अर्थही दोराच. दोन माणसांचे पटले तर म्हणतात, त्यांचे सूत जमले.

तिकडे जवसाचा दोरा आणि इकडे कापसाचा दोरा. दोन्हीकडे माणसाने दोरा ताणला आणि सरळ रेघ पाहिली. म्हणून एक शब्द पुष्कळ ठिकाणी गेला. यात भाषेचा दोष नाही. शब्द जितका कामाचा, तितके त्याचे अर्थ वाढत जातात.

५. मग चूक कुठे होते?

चूक होते आपण अर्धा शब्द बोलतो तिथे. रांगेत उभा माणूस "लाईन पुढे घ्या" म्हणाला तर कोणी विजेचा खांब पुढे घेत नाही. कारण समोर रांग दिसते. पण शेतात वीज आणि पाणी दोन्ही जवळ जवळ असतात. तिथे नुसते लाईन म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात जी लाईन असेल ती तो धरतो. बोलणाऱ्याच्या मनात एक, ऐकणाऱ्याच्या मनात दुसरी. आणि विजेला चूक कळत नाही, ती माफ करत नाही.

म्हणून आमच्या घरी आता तीन नियम केले आहेत :

पहिला नियम : नुसते लाईन म्हणायचे नाही. विजेची लाईन किंवा पाण्याची लाईन असे पूर्ण बोलायचे.

दुसरा नियम : ऐकणाऱ्याने परत बोलून विचारायचे. "विजेची का?" असे विचारायचे आणि "हो" ऐकल्यावरच काम करायचे. विचारायला लाजायचे नाही.

तिसरा नियम : टेस्टर लावल्याशिवाय तारेला हात नाही. आणि हे काम मोठ्या माणसांचेच. लहान मुलांनी ओल्या हाताने बटणालाही हात लावायचा नाही. पडलेली तार दिसली तर लांब थांबून मोठ्यांना हाक मारायची.

बाबांनी लाल रंग आणि निळा रंग आणला. पेटीवर मी लाल रंगाने "विजेची लाईन" लिहिले आणि वॉलच्या दगडावर निळ्या रंगाने "पाण्याची लाईन" लिहिले. माझे अक्षर जरा वाकडे आले. बाबा म्हणाले, "वाकडे असू दे, पण पुरते आहे." हे काम झाल्यावर माय पहिल्यांदा हसली.

शाळा पाहायला आलेल्या काका-काकूंना माझी विनंती आहे. तुमच्याही पेटीवर असे लिहा. रंग नसेल तर खडूने लिहा, पण लिहा. आणि आम्हा मुलांना काम सांगताना पूर्ण शब्द सांगा. आम्ही ऐकतो, पण आम्ही आमच्या मनातले ऐकतो.

६. ओळखा पाहू!

खालच्या वाक्यांत लाईन कोणती ते सांगा.

(अ) लाईन फार लांब आहे, रेशन मिळायला दुपार होईल.
(आ) लाईन लागेना, मामांना नंतर बोलू.
(इ) लाईन सोडून लिहू नको, पान वाया जाते.
(ई) लाईनीवर पाय पडला, तू बाद!
(उ) लाईन बंद कर.

उत्तरे : (अ) माणसांची रांग. (आ) फोनची. (इ) वहीची ओळ. (ई) मैदानाची. (उ) याचे उत्तर देता येत नाही. आधी विचारा.

माझा लेख संपला. काही चुकले असेल तर लहान समजून क्षमा करावी. तुम्हाला पंधरावी लाईन सापडली तर मला वर्गात येऊन सांगा, मी वहीत लिहून घेईन.

एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी